नाहरीनचं डावं-उजवं

मी सल्ला देत नाही, काचसामान देते. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून स्टॉकरूम आहे, तिला एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीत मी गेली बावीस वर्षं बसलेय. माझं नाव देओलिंदा बोर्बा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला इथं कुणाला वेळ आहे? सगळे मिस डी म्हणतात. पोरं येतात, ओळखपत्र ठेवून चंचुपात्रं, ब्यूरेट, गॉगल घेऊन जातात आणि संध्याकाळी परत आणून देतात. काही फोडून आणतात, त्यांना मी बोलते. त्यापलीकडे कोणाच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही असा माझा नियम आहे, कारण कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जायच्या कॉलेजात, सल्ल्याला तोटा नाही. इथं झाडाला पाणी घालणारा माळीसुद्धा कोणी कुठल्या विद्यापीठात ट्रान्स्फर घ्यावी ते सांगतो.

नाहरीन खोशाबा पहिल्यांदा खिडकीशी आली ती चार चुका घेऊनच. मी म्हटलं, डावीकडच्या कपाटातून पिपेट घे. ती उजवीकडे गेली. मी म्हटलं, अगं डावीकडे. ती थांबली, दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा उजवीकडेच गेली.

"घास कुठल्या हाताने घेतेस गं?" मी ओरडले.

"दोन्ही हातांनी, मिस डी," ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली. "आमच्याकडे डोल्मा, पानात गुंडाळलेला भात, दोन्ही हातांनीच खातात."

अशा मुलीवर रागवायचं तरी कसं? उंच, सडपातळ, भुवया जाड, आणि त्या भुवयांमध्ये कायमची एक आठी. नऊ वर्षांची असताना ती आईबापांबरोबर इराकहून निघाली, मधे दोन वर्षं जॉर्डनमध्ये काढून आमच्या व्हॅलीत आली. तिचे असिरियन, म्हणजे इराककडचे ख्रिस्ती लोक इथं आमच्या पोर्तुगीज गवळ्यांइतकेच जुने आहेत, त्यांची चर्चं आहेत, त्यांच्या बेकऱ्या आहेत, त्यामुळे तिला परकं वाटायचं काही कारण नव्हतं. पण ती सगळीकडे पाहुण्यासारखी वागायची. दार ढकलायचं की ओढायचं तेसुद्धा विचारून करायची. आणि या मुलीला दंतवैद्य व्हायचं होतं.

तिच्याकडे एक हिरवी वही होती. त्यात ती सल्ले लिहायची. कोणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला, सगळं. पहिल्या काउन्सेलरने सांगितलं की शास्त्राचे सगळे विषय इथंच उरकून घे, वर्ग लहान असतात. दुसरीने सांगितलं की शास्त्राचा एकही विषय इथं करू नकोस, दंतवैद्यकवाले कम्युनिटी कॉलेजच्या केमिस्ट्रीला नाक मुरडतात. तिसरा नवीन होता. त्याने बराच वेळ कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि विचारलं, "डेंटल म्हणजे दात साफ करणाऱ्या बाईचा कोर्स ना?"

शिवाय शिकागोला तिचा चुलतभाऊ होता, रमसिन. तो औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता आणि म्हणून खोशाबांच्या घरात देवाखालोखाल त्याचा शब्द. तो दर रविवारी फोन करून वेगळं काहीतरी सांगायचा. एकदा म्हणाला, मानसशास्त्र घे, उठून दिसशील. पुढच्या रविवारी म्हणाला, मानसशास्त्र घेणारे सगळेच आहेत, संगीत घे.

"संगीत?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"हो ना. मला एक वाद्य येत नाही, मिस डी. मग काय करू?"

"ब्यूरेट उभी धर, सांडतेय," मी म्हटलं.

ती शनिवारी डॉक्टर ऑर्नेलस यांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहायची. दंतवैद्यकाच्या अर्जात असे तास दाखवावे लागतात, नुसतं मागे उभं राहून बघण्याचे. ऑर्नेलसबाईंचा सल्ला सगळ्यात सोपा होता. त्या म्हणाल्या, पुस्तकं कोणीही वाचतं, हात बघ, हात पाहिजे. आंघोळीच्या साबणाच्या वडीतून दाढ कोरून आण.

तिने कोरली. आधी मला दाखवायला आणली, टिश्यूत गुंडाळून. मी लहानपणापासून गाईंचे दात बघितलेत, माणसाच्या दाढेतलं मला काय कळतं? पण ती दाढ मी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली. वरचे उंचवटे, मधल्या बारीक घळी, खाली दोन मुळं, सगळं असं होतं की जिभेला आपलीच दाढ चाचपून बघावीशी वाटावी. पोरीच्या हातात काहीतरी आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

सोमवारी ती परत आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, फार सुंदर आहे. पण मी खालची उजवी सांगितली होती, ही डावी आहे."

मी हसले. ती हसली नाही. खिडकीच्या आत माझ्या बाजूला एक जुनं स्टूल आहे, तिथं विद्यार्थ्यांना बसायला परवानगी नाही. ती येऊन सरळ त्यावर बसली आणि मला सांगायला लागली.

ती बारा वर्षांची होती. वडिलांची, ओदिशोची, दाढ दुखत होती. ओदिशो ट्रक चालवायचा, लवंगा चावत दोन आठवडे त्याने नेवाडाच्या फेऱ्या मारल्या. मग जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये फुकट दातांचं शिबिर लागलं. आमच्याकडे लागतं अधूनमधून. शंभर खुर्च्या ओळीत, बाहेर हजारोंची रांग. ओदिशोला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाहरीन दुभाषी. डॉक्टर भला माणूस होता, पण त्या दिवसातला त्याचा तो कितवा पेशंट होता देव जाणे. त्याने विचारलं, "कुठली बाजू?" ओदिशोचा जबडा इंजेक्शनाआधीच सुजून बधिर झालेला. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा काळ्या दिसत होत्या. नाहरीन बापासमोर उभी होती. तिने समोरून बघितलं, दुखरी दाढ तिच्या उजव्या हाताच्या बाजूला होती, आणि ती म्हणाली, "उजवी."

समोर उभं राहिलेल्याचं उजवं म्हणजे खुर्चीतल्याचं डावं. डॉक्टरने पेशंटची उजवी काढली.

"ती चांगली होती," नाहरीन म्हणाली. "काळी होती, पण चांगली होती. घरी गेल्यावर कळलं. दुखणारी तशीच दुखत होती. मग पुढच्या महिन्यात तीही काढली."

"बाप काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणाले, दोन्ही कधीतरी जायच्याच होत्या." ती साबणाची दाढ टिश्यूत परत गुंडाळत होती. "अजून पुढच्या दातांनी जेवतात. मांस असलं की माझ्या ताटात टाकतात, म्हणतात तुला आवडतं. मला नाही आवडत, मिस डी."

तेव्हा मला त्या हिरव्या वहीचा उलगडा झाला. एकदा स्वतःच्या मनाने बोट दाखवलं आणि ते चुकलं, म्हणून ही मुलगी दहा वर्षं दुसऱ्यांची बोटं गोळा करत फिरत होती. मला तिची इतकी दया आली की मी तिला स्टुलावरून उठवायलाही विसरले.

आता केमिस्ट्रीचं सांगते, कारण सगळं तिथं येऊन अडलं.

सेंद्रिय रसायन आमच्याकडे दोन भागांत शिकवतात, एक शरदात, एक वसंतात. विद्यापीठात तेच तीन तुकड्यांत शिकवतात. आमचा पहिला भाग तिथल्या कुठल्याच तुकड्याशी नीट जुळत नाही. त्यामुळे दोन्ही भाग करून गेलात तर पूर्ण केमिस्ट्री झाली, आणि एकच करून गेलात तर काहीच झालं नाही. अर्धं म्हणजे शून्य. हे दरवर्षी कोणाला तरी उशिरा कळतं आणि माझ्या खिडकीशी रडारड होते. नाहरीनला वेळेत कळलं होतं. तिने पहिला भाग चांगल्या गुणांनी केला. विद्यापीठाने तिला पुढच्या शरदाची जागाही दिली, पण अटीवर, की जूनपर्यंत दुसरा भाग पुरा झाला पाहिजे. नाही झाला तर जागा गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

आणि जानेवारीत, वर्ग सुरू होण्याच्या पहिल्याच सोमवारी, प्रयोगशाळेच्या दारावर डीनबाईंचा कागद लागला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पंधरा नावं झाली नाहीत तर दुसरा भाग रद्द. यादीत बाराच नावं होती.

पहिला भाग पार करणारेच मुळात थोडे, त्यातले निम्मे पळून जातात. प्रोफेसर लिंडक्विस्ट म्हणजे देवमाणूस, पण तेही खांदे उडवून म्हणाले, "माझ्या हातात काय आहे?" नाहरीनने जुन्या यादीवरून पत्ते काढले आणि दारोदार फिरायला लागली. ज्या मुलीला दार ढकलायचं की ओढायचं कळत नव्हतं ती लोकांची दारं वाजवत होती. गाओनू नावाची एक ह्मोंग बाई होती, गेल्या वर्षी बाळंतपणामुळे सोडून गेलेली. नाहरीनने तिच्या सासूला आठवड्यातले तीन दिवस बाळ सांभाळायला राजी केलं. कसं केलं कोण जाणे, सासूला इंग्रजी येत नव्हतं. एफ्राइन टायरच्या दुकानात होता, त्याला तिने गाडीखालून बाहेर काढलं. गुरुवारी संध्याकाळी यादी चौदावर आली.

शुक्रवारी धुकं होतं. आमच्या व्हॅलीत जानेवारीत जमिनीवरून असं धुकं उठतं की स्वतःची चप्पल दिसत नाही, आणि ते दुपारपर्यंत हलत नाही. अकरा वाजता नाहरीन खिडकीशी आली. हातात फोन, बगलेत हिरवी वही.

"मिस डी, रमसिनचा फोन होता. तो म्हणतो वर्ग रद्द होणार हे नक्की. स्टॅटिस्टिक्समध्ये एकच जागा उरलीये, दोन्हींची वेळ एकच आहे. आत्ता इथून नाव काढून ती घेतली नाही तर माझे विषय कमी पडतील आणि शिष्यवृत्ती जाईल. पण ऑर्नेलसबाई म्हणतात थांब. आई म्हणते रमसिनचं ऐक. बाबा म्हणतात तू ठरव." बाबांचा सल्ला तिने असा सांगितला जणू बापाने तिला शिवी दिली होती. "मिस डी, तुम्ही सांगा. काय करू?"

मी म्हटलं, "मी काच देते, नाहरीन."

ती "बरं" म्हणून गेली. मला स्वतःचीच चीड आली. नियम वगैरे ठीक आहे, पण भित्रेपणालाही माणूस नियम म्हणू शकतो, हे मला चांगलं माहीत होतं.

साडेअकराला लिंडक्विस्ट आले. "चौदा," ते म्हणाले. "तुझं ते त्र्याण्णव सालचं अर्धं केमिस्ट्री अजून पडूनच आहे ना, डी?"

"जा इथून," मी म्हटलं. ते गेले.

पडून होतं ही गोष्ट खरी. त्र्याण्णव साली मी इथंच पहिला भाग पास झाले होते. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या आठवड्यात वडिलांना गाईने लाथ मारली, मांडी मोडली. दोनशे गाई होत्या, कोणीतरी दूध काढायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे मी. त्यात रडण्यासारखं काही नाही, आमच्यात अर्ध्या लोकांची शिक्षणं अशीच संपलीत. पण नंतर त्याच प्रयोगशाळेच्या खिडकीत नोकरी धरली, ती का, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड तीनदा चुकला. चौथ्यांदा यंत्राने मला ओळखलं आणि पत्ता दाखवला, तो वडिलांच्या गोठ्याचा रस्ता. गोठा विकून पंधरा वर्षं झालीत. मी पानाच्या तळाशी जाऊन दुसऱ्या भागाच्या नोंदणीचं बटण दाबलं. अकरा चव्वेचाळीस. "आपली नोंदणी झाली आहे." मी सत्तावन्न वर्षांची बाई, खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

मग यादी बघितली. चौदा.

पुन्हा बघितली. चौदाच. मला वाटलं यंत्र मला मोजत नाही. नावं वाचायला लागले. बोर्बा होतं. खोशाबा नव्हतं.

मी गॉगल डोक्यावर तसाच ठेवून धावत सुटले. गाड्यांच्या तळावर धुकं असं की समोरचा खांबही दिसेना. मी ओरडले, "नाहरीन! नाहरीन खोशाबा!"

कुठून तरी आवाज आला, "इकडे, मिस डी! डावीकडे!"

मी डावीकडे धावले आणि एका फोर्ड पिकअपला गुडघा आपटला. तेवढ्यात लक्षात आलं की सांगणारी कोण आहे. मग उजवीकडे गेले. तिथं ती तिच्या जुन्या कोरोलात बसली होती, दार उघडं, एक पाय बाहेर, गाडी सुरू नाही.

"तू नाव काढलंस?"

"मघाशी. अकरा एक्केचाळीसला. स्टॅटिस्टिक्सची जागा मिळाली." गोष्ट आनंदाची असायला हवी, पण नाहरीन रडक्या आवाजात सांगत होती. "बरोबर केलं ना?"

"मला विचारू नकोस," मी धापा टाकत म्हटलं. "मी फक्त कळवायला आलेय. पंधरावं नाव मी घातलंय. देओलिंदा बोर्बा. आता तू नाहीस म्हणून पुन्हा चौदा झालेत. बारा वाजायला दहा मिनिटं आहेत."

तिने माझ्याकडे, माझ्या गॉगलकडे, माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

"तुम्ही? सेंद्रिय?"

"हो. हसायचं असेल तर नंतर हस."

"पण स्टॅटिस्टिक्स सोडलं आणि तोवर इथून कोणी दुसऱ्याने नाव काढलं तर? मग दोन्ही गेलं. मिस डी, मग काहीच नाही राहणार."

"जाईल. जाऊ शकतं."

"रमसिनला विचारू?"

माझ्या जिभेवर जे आलं ते चर्चमध्ये बोलता येणार नाही. मी म्हटलं, "विचार की."

तिने फोन वर केला. रमसिनचं नाव पडद्यावर होतं, मला दिसत होतं. ती त्या नावाकडे बघत बसली. धुक्यात कुठेतरी कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी एक शब्द बोलले नाही, आणि गप्प बसणं इतकं अवघड मला आयुष्यात कधी गेलं नाही. मग तिने रमसिनचं नाव बाजूला सारलं, कॉलेजचं पान उघडलं आणि अंगठ्याने काहीतरी दाबलं. पुन्हा दाबलं.

"झालं?"

"झालं बहुतेक," ती म्हणाली. "मला काही कळत नाहीये, मिस डी."

"मलाही नाही," मी म्हटलं. अकरा सत्तावन्न झाले होते. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहून तिच्या फोनवर पंधराचा आकडा बघत राहिलो, बारा वाजून जाईपर्यंत.

तो वर्ग चालला. मी मागच्या बाकावर बसायचे आणि तास संपला की धावत खिडकीत जायचे, कारण त्याच पोरांना सामान मलाच द्यायचं असायचं. काही रेणू असतात, दोन हातांसारखे, आरशातल्यासारखे एकमेकांचे उलटे. एक औषध असतो आणि दुसरा नसतो. लिंडक्विस्ट विचारायचे, हा डावा की उजवा? खात्रीवाली पोरं पटकन हात वर करून चुकायची. नाहरीन गोळ्या-काड्यांचा नमुना हातात घेऊन तीनदा फिरवून बघायची, आणि ती एकदाही चुकली नाही. परीक्षेत वर्गात दुसरी आली. मला डी मिळाला, म्हणजे जेमतेम पास. पोरांनी "मिस डीला डी" करून महिनाभर जीव खाल्ला. वर्ग रद्द होत नाही अशी खात्री झाली की तीन आठवड्यांनी नाव काढून घ्यायचं असं मी ठरवलं होतं, पण तिसरा आठवडा आला तेव्हा माझ्याच्याने सोडवलं नाही.

जूनमध्ये ती गेली. जायच्या दिवशी ओदिशो तिला घेऊन आला, हातात त्यांच्या खजुराच्या बिस्किटांचा डबा. मोठ्या मिशा, कमी बोलणारा माणूस. मी त्यालाही एक बिस्किट दिलं. त्याने त्याचे बारीक तुकडे केले आणि पुढच्या दातांनी सशासारखे खाल्ले. नाहरीन दुसरीकडे बघत होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते माझ्या खिडकीसमोर झालं नाही. विद्यापीठात ती पहिलं वर्ष बुडता बुडता वाचली. दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत घड्या घातलेल्या कागदांची आणि फिरवलेल्या ठोकळ्यांची चित्रं असतात, त्यात पहिल्यांदा आपटली, दुसऱ्यांदा उत्तम गुण मिळाले. अकरा ठिकाणी अर्ज केले, दहांनी नाही म्हटलं. एकाने, समुद्राकाठच्या शहरातल्या दंतवैद्यक कॉलेजाने, हो म्हटलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं म्हणे, केमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात का केली? तिचा गोंधळ उडाला आणि तिने गाओनूची सासू, एफ्राइनचे टायर आणि माझा डी, सगळं सांगून टाकलं. ते बरोबर केलं की चूक, हे ती मला फोनवर विचारत होती. मी म्हटलं, मी काच देते.

मग तिसऱ्या वर्षी तिचा फोन आला. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठरावीक कामं करून दाखवावी लागतात आणि त्यासाठी पेशंट स्वतःच शोधावे लागतात.

"मिस डी, ब्रिजसाठी, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात बसवायला, एक पेशंट कमी पडतोय. मार्च संपेपर्यंत नाही मिळाला तर हे वर्ष पुन्हा करावं लागेल."

"येते मी," मी म्हटलं.

"तुमचे सगळे दात आहेत. बाबांना आहे गॅप. मी विचारलं की म्हणतात, मला काय झालंय, मी बरा आहे. त्या शिबिरानंतर ते कुठल्याही दंतवैद्याकडे गेले नाहीत. मला वाटतं ते मला घाबरतात. किंवा मला वाईट वाटेल म्हणून घाबरतात. मला कळत नाही."

मी रविवारी खोशाबांच्या घरी गेले. ओदिशो चहा पीत बसला होता. मी सल्ला दिला नाही. मी एवढंच सांगितलं, "एक कमी पडतोय."

त्याने कप खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवत तो उठला आणि कोट शोधायला लागला.

"आज रविवार आहे, ओदिशो," मी म्हटलं. "मंगळवारी जायचंय."

मंगळवारी मी त्याला माझ्या गाडीतून घेऊन गेले. अठरा चाकांचा ट्रक चालवणारा माणूस त्या शहराच्या चढांवर दाराची कडी घट्ट धरून बसला होता. दवाखान्यात ओळीने खुर्च्या होत्या. जत्रेच्या हॉलसारख्याच, पण स्वच्छ. मला मधल्या आडोशाजवळ उभं राहू दिलं.

नाहरीन आली. पांढरा कोट, तोंडावर मास्क, डोक्यावर दिव्याचा चष्मा. भुवयांमधली आठी मास्कच्या वर तशीच होती. तिने बापाला खुर्चीत आडवं केलं आणि दिवा लावला. तिचे हात मला दिसत होते, अगदी स्थिर. देखरेख करणारे म्हातारे डॉक्टर येऊन उभे राहिले, कागदावर पेन टेकवून.

"कुठली बाजू, डॉक्टर?"

दोन्ही बाजूंना गॅप होती, पण आज शिबिरात चुकून काढलेल्या त्या चांगल्या दाढेच्या जागेची पाळी होती. खुर्चीत ओदिशोचा हात हळूच वर आला. ट्रकवाल्याचं ते जाड बोट तोंडाच्या दिशेने निघालं होतं, मुलीला विचारावं लागू नये म्हणून.

नाहरीनने ते बोट धरलं.

"खालची उजवी," ती म्हणाली. "पेशंटची उजवी." मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, मला त्यातलं बाबा एवढंच कळलं, तो शब्द आमच्याकडे सगळ्यांनाच कळतो. नंतर तिने मला सांगितलं काय म्हणाली ते. म्हणाली, "हात खाली घ्या, बाबा. मला माहीत आहे."

ओदिशोने हात खाली घेतला आणि तोंड आणखी मोठं उघडलं.